कोरड्या तांदळाचा न्याय

सकाळी नऊपासूनच कातळवाडीच्या देवळापुढे जत्रा भरली होती. होड्या बांधून खलाशी आले, वाळत घातलेली मासळी कावळ्यांच्या हवाली करून बायका आल्या. कारणही तसंच होतं. शिमगा झाला आणि देवीची सोन्याची नथ हरवली. चोर शोधायला साक्षात तांदूळमहाराज येणार होते. आले तेही वातानुकूलित गाडीतून. तिन्ही लोकांतलं दिसणाऱ्या महाराजांना वाडीचा रस्ता मात्र तीनदा फोन करून विचारावा लागला. याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

संध्याचं गेलं. संध्या वाडीच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स. अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीत वाढलेली. लग्न होऊन इथं आल्याला बारा वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी अजून बाहेरचीच. चमत्काराशी तिला देणंघेणं नव्हतं. ती आली होती सगुणाकाकीसाठी.

सगुणाकाकी सुकी मासळी विकून पोट भरायची आणि गेली तीस वर्षं रोज पहाटे देऊळ झाडायची. पैसा न घेता. नथ हरवली तेव्हा देवळात रोज जाणारं कोण, तर हीच. झालं, गरिबाकडे बोट दाखवायला अक्कल लागत नाही. गावकीचे मुख्य मानकरी दाजी यांनी निकालही तयार ठेवला होता: चोरी शाबीत झाली की सगुणा वाळीत. तिच्या दारात कोणी जायचं नाही, तिची मासळी कोणी घ्यायची नाही. तिच्या नातीचं लग्न पुढच्या महिन्यावर आलेलं. वाळीत पडलेल्या घरात सोयरीक कोण टिकवणार?

"भक्तहो!" महाराज गरजले. "सत्यवानाच्या मुखी गंगा, पाप्याच्या मुखी वाळवंट! हे तांदूळ साधे नाहीत. अकरा हजार जपांनी भारलेले आहेत!"

भारलेले तांदूळ रेशनच्या पिशवीतून निघाले. चिमूटभर तोंडात घालायचे, चावायचे आणि केळीच्या पानावर थुंकायचे. ओले निघाले तर माणूस निर्दोष. कोरडे निघाले तर पुढं बोलायलाच नको.

देवळात ये-जा असणारे पाच जण रांगेत उभे होते. गुरव हरिश्चंद्र, पालखीचे दोन भोई, दाजी आणि शेवटी सगुणाकाकी. पहिल्या चौघांच्या पाठीवर महाराजांनी हात फिरवला. "तुम्ही तर देवीची लेकरं! चावा निर्धास्त." लेकरांनी निर्धास्त चावले आणि पानावर छान लगदा पडला.

सगुणाकाकीला मात्र महाराजांनी थांबवलं. "तू उन्हात उभी राहा. तुझ्या डोळ्यांत मला काहीतरी दिसतंय."

ती तासभर उभी राहिली. सगळी वाडी तिच्याकडे टक लावून बघत होती. संध्याला दिसत होतं, काकीच्या वरच्या ओठावर घाम आलाय, जीभ पुन्हा पुन्हा ओठांवरून फिरतेय. शेवटी तिनं तांदूळ चावले आणि पानावर थुंकले. कोरडं पीठ भुरभुरलं.

"वाळवंट!" महाराज ओरडले.

"मी नाय घेतली गो बायांनो! देवीची आण!" काकीनं शेजारच्या हिराचा हात धरायला हात पुढं केला. कालपर्यंत एका ताटात जेवणाऱ्या हिरानं आपला हात मागं घेतला. ते बघून संध्याचं डोकंच फिरलं.

ती पुढं आली. "महाराज, सगळ्यांनी चावले, तुम्हीच राहिलात. तुमच्या मुखातली गंगा आम्हांलाही बघू द्या की."

महाराज प्रेमानं हसले. गर्दीसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी चिमूट तोंडात टाकली.

"सावकाश चावा, घाई नाही," संध्या मोठ्यानं म्हणाली. "भोंदूगिरीची तक्रार मी सकाळीच केलीय. पोलिसांची गाडी नाक्यावर आली असेल एव्हाना."

महाराजांचा जबडा थांबला. मग पुन्हा हलला, पण आधीसारखा नाही. कपाळावर घाम फुटला. संध्यानं पान पुढं धरलं. महाराज थुंकले, खोकले, आणि अर्धं पीठ पानावर, अर्धं दाढीवर उडालं. ठणठणीत कोरडं.

"आयला!" केरू खलाशी ओरडला. "म्हंजे नथ म्हाराजानंच चोरली!"

गर्दी महाराजांच्या अंगावर जायला निघाली. मघाशी काकीवर उलटलेली तीच माणसं!

"थांबा!" संध्या आडवी आली. "यांनी नथ चोरलेली नाही. शिमग्यात हे इथं नव्हतेच. मग तांदूळ कोरडे का? केरूदादा, वादळात होडी कलंडायला लागली की तोंड कसं होतं तुझं?"

"लाकूड व्हतं, बाय."

"तेव्हा तू चोरी केलेली असते का?"

केरू ओशाळून हसला.

"भीती वाटली की शरीराला वाटतं, वाघच आला. छाती धडधडते, रक्त हातापायांकडं धावतं, पळायला नाहीतर लढायला. वाघ समोर असताना जेवायला कोण बसतं? म्हणून पोटाचं काम मंदावतं आणि तोंडातली लाळ आटते. त्यात ही म्हातारी तासभर उन्हात. लाळ सुटेल कशी?"

"पण चोर भितोच ना?" दाजी म्हणाले.

"चोरही भितो आणि ज्याच्यावर खोटा आळ आला तोही भितो. कोरड पडली म्हणून नथ कोणी घेतली ते कळत नाही. दाजी, माझ्यासमोर बसलात की तुमचं बीपी एकशे सत्तर. घरी मोजलं की एकशे तीस. मी कधी विचारलं, काय चोरलंत म्हणून?"

आता हसू दाबणं कोणालाच जमेना.

"एक साधा प्रश्न कोणी विचारलाच नाही," संध्या पुढं म्हणाली. "नथ शेवटची कुठं दिसली?"

हरिश्चंद्र आठवू लागला. "पालखी देवळात आली तवा देवीच्या नाकात व्हती. मग लुगडं उतरवलं…"

"ते लुगडं कुठंय?"

सगळ्यांच्या माना दाजींकडे वळल्या. पालखीतल्या देवीचं लुगडं मुख्य मानकऱ्याच्या घरी जातं, हा तिथला मान. ते पवित्र म्हणून घडीही न मोडता दाजींच्या कपाटात बंद होतं. त्यांची सून मृणाली धावत जाऊन घेऊन आली. हिरव्या लुगड्याचा पदर उलगडला आणि जरीत अडकलेली नथ उन्हात चमकली.

एवढ्यात गाडीचा आवाज आला. महाराज निघाले होते. जाताना त्यांना कोणाला रस्ता विचारावा लागला नाही. नाक्यावर त्यांच्या स्वागताला पोलीस होतेच.

"कोणाला वाळीत टाकायच्या आधी," संध्या म्हणाली, "निदान आपलं कपाट तरी उघडून बघत जा."

दाजींनी बोलायला तोंड उघडलं. सगळी वाडी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांची जीभ पुन्हा पुन्हा ओठांवरून फिरू लागली.

सगुणाकाकी देवळात गेली, तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं धरला.

"पाणी पी, दाजी. भ्यायलं की तोंड सुकतंच. म्हणून काय तू चोर होत नायस."