छपरावरचं मशीन

“हळू गं, इंद्राणी! मशीन हाय ते, बटाट्याचं पोतं नाय.”

सत्यवतीबाय कॉलेजच्या फाटकात उभी होती. पायी आलेली इंद्राणी टाइपरायटर पोटाशी धरून चढण चढत होती आणि तिला पार धाप लागली होती. तिच्या मागे आणखी दोघी, त्यातल्या एकीच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर मशीन. पंचाहत्तर सालचा फेब्रुवारी. आमच्या बेटावर सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, येऊन गेला त्याला आठवडा होत आला होता. रस्त्यांत झाडं आडवी, विजेचे खांब वाकलेले, आणि आमच्या मुली घरी नेलेली मशिनं परत आणत होत्या.

ही पद्धत सत्यवतीबायचीच. पूर्वी एका वादळात कॉलेजचा पत्रा उडाला आणि सगळी मशिनं भिजून गंजली होती. तेव्हापासून वादळाचा इशारा लागला, की जिचं मशीन तिनं ते घरी न्यायचं, पोटच्या पोरासारखं सांभाळायचं आणि ऊन पडलं की परत आणायचं. असलं कॉलेज जगात दुसरं नसेल.

कॉलेज आपलं म्हणायला. मोका गावात, युनिव्हर्सिटीच्या उताराखाली, भाड्याच्या लाकडी घराच्या तीन खोल्या. एकीत टायपिंग, दुसरीत मी हिशेब शिकवायचो, आणि तिसरीत प्रिन्सिपल हरिलाल बसायचे. त्यांना राग आला की ते फ्रेंच बोलायचे, म्हणजे बहुतेक वेळ फ्रेंचच. कॅम्पस म्हणजे एक लिचीचं झाड आणि त्याखाली एक बाक. बाकावर कोणी बसायचं यावरून मुली अशा भांडायच्या, की फाटकाबाहेरचा दालपुरीवाला सायकल सोडून सोडवायला यायचा. युनिव्हर्सिटीची पोरं जाता-येता आमच्याकडे बघून नाकं मुरडायची. पण निकाल लागला की बँकेत नाहीतर बंदरावरच्या ऑफिसात आमच्याच मुली चिकटायच्या आणि हे पदवीवाले अर्ज करत बसायचे. मला त्याचा भारी आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू?

या मुलींना घडवणारी सत्यवतीबाय कांप दे मास्क गावची. लग्न राहिलं ते राहूनच गेलं. साखर कारखान्याच्या एका म्हाताऱ्या कारकुनाकडून ती टायपिंग शिकली आणि आमच्याकडे लागली, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तिच्याकडे सर्टिफिकेट मात्र नव्हतं. कधी कोणी विचारलंही नव्हतं. त्या वर्षी परीक्षामंडळाने नवा नियम काढला, की पुढच्या जानेवारीपासून सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला वर्गावर उभं करायचं नाही. म्हणून जूनच्या परीक्षेला बाय स्वतःच बसणार होती, आपल्या नऊ मुलींबरोबर. दहावं नाव तिचं, दहावं मशीन तिचं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बायचं धरून नऊ मशिनं आली. नऊ मुलींतली एक, कामिनी, आली नाही.

“तिच्या गावची, ब्रीझे वेर्दिएरची बस बंद असेल,” मी म्हटलं.

“इंद्राणीला मशीन उचलून चालत येता येतं आणि हिला नाय?” बाय म्हणाली. तिला काळजी वाटत होती. ती रागावली की समजायचं, काळजी वाटते आहे.

दुसऱ्या दिवशी हरिलालांनी आम्हा दोघांना तिकडे पिटाळलं. अर्धी वाट बस, अर्धी वाट पायी. दोन्हीकडे ऊस झोपलेला. ब्रीझे वेर्दिएरला पोचलो तर कामिनीच्या घराशेजारची दोन घरं नुसते खांब उरलेली. कामिनीचं घर मात्र उभं होतं. तिचा बाप गोवर्धन दारात पत्रे ठोकून सरळ करत होता. आम्हाला बघून त्याने हातोडा खाली ठेवला आणि छपराकडे बघितलं.

आम्हीही बघितलं. छपराच्या कोपऱ्यावर, उसाच्या गाडीच्या दोराने आवळून बांधलेला, आमचा टाइपरायटर बसला होता. पत्र्यावर गंजाचा ओघळ उतरला होता.

“आयो!” सत्यवतीबाय किंचाळली. “मशीन छपरावर? गोवर्धनभाव, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?”

“मिस, वारा मधीच थांबला ना,” गोवर्धन म्हणाला, “वादळाचा डोळा डोक्यावर आला तवा. बाहेर येऊन बगतो तर कोपऱ्यातला पत्रा सुटलेला. वर ठेवलेले दगड कवाच उडून गेलेले. वारा उलटा फिरायच्या आत काय तरी जड ठेवायला पायजे व्हतं.”

“म्हणून मशीन?”

“त्यांनी नाय मागितलं.” कामिनी दारात येऊन उभी राहिली होती. रडून तिचे डोळे सुजले होते. “मीच दिलं, मिस. घरात त्याच्याहून जड कायच नव्हतं. शेजारची दोनी घरं आमच्यात आलेली. आजी, बारकी पोरं, समदी त्याच कोपऱ्यात व्हती. तुमाला तोंड कसं दाखवू म्हणून आले नाय.”

बाय संतापली होती. “उतरवा ते,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

गोवर्धन शिडी लावून वर चढला. दोराला हात घातला तोच पत्रा करकरला आणि आतून कोणाचं तरी तान्हं पोर रडायला लागलं. गोवर्धन थांबला. “नवे खिळे नाय भेटले अजून, मिस. हे काढलं तर पत्रा निघंल. पण तुमी म्हणाल तसं.”

सत्यवतीबाय आत गेली. मी दारातूनच बघितलं. एका खोलीत तीन घरांची माणसं, भांडीकुंडी, कोंबड्या. कोपऱ्यात एक म्हातारी ते तान्हं मांडीवर घेऊन बसली होती आणि वर, बरोबर तिच्या डोक्यावर, आमच्या मशीनचा भार. बायने मान वर करून तो पत्रा बघितला. मग बाहेर आली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “फिनी, संपलं. ते आता मशीन नाय राहिलं.”

गोवर्धनने आम्हाला चहा दिला. निघताना म्हणाला, “सर, येवडी परीक्षा देऊ द्या तिला. यंदा पास झाली तर नोकरी, नायतर लगीन ठरवायचं हाय. पुढल्या सालाची गोष्ट मला सांगू नका.” परतीच्या वाटेवर बाय माझ्या पुढे पुढे चालत होती. पुढचा हिशेब मलाही येत होता.

हरिलालांनी तो हिशेब टेबलावर बोटं आपटत सांगितला. “मशिनं नऊ आणि नावं दहा. परीक्षक येणार, बघणार. एका मशीनवर दोघी बसत नाहीत. जिने मशीन घालवलं तिचं नाव कमी. संपलं.”

“कुठून मागून आणता येईल,” मी म्हटलं. “साखर कारखान्याच्या ऑफिसात...”

“ते फ्रेंच मशीन! त्याची अक्षरं सगळी इकडची तिकडे. इंग्रजी परीक्षेला काय कामाचं? आणि नवं मागवलं तर बोटीने येईपर्यंत परीक्षा होऊन जाईल.”

“माझं नाव कापा,” सत्यवतीबाय म्हणाली.

हरिलाल फ्रेंच विसरले. “तुमचं? मिस, सर्टिफिकेट नसेल तर जानेवारीपासून मी तुम्हाला वर्गावर ठेवू शकत नाही. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक हाय.”

“बाय, वेड लागलंय का तुम्हाला?” माझा आवाज चढला. “अकरा वर्षं! चूक त्या पोरीची आणि पोटावर पाय तुमच्या?”

“चूक?” बाय माझ्याकडे वळली. “चूक कुणाची ते सांगते, ऐका. त्या दिवशी माझी शेजारीण माझ्या घरात आलेली. तिचा पत्रा गेलेला, कडेवरचं पोर ओलंचिंब. घरात एकच ब्लँकेट कोरडं व्हतं, ते मी मशीनला गुंडाळलेलं. तिनं मागितलं नाय आणि मी दिलं नाय. पोर कुडकुडत व्हतं आणि मी मशीन मांडीवर घेऊन बसलेली. वारा पडल्यावर सोडून बगितलं, तर मशीनला थेंब लागलेला नाय. लय आनंद झाला मला, सर. लाज वाटते सांगायला, पण झाला.”

बाहेर लिचीखाली मुलींचं बाकावरून काहीतरी चाललं होतं.

“त्या पोरीला माणूस आधी कळला,” बाय म्हणाली. “आणि मी तिचं नाव कापून परीक्षेला बसू? माझी बोटंच चालायची नायत. पा कापाव. जमायचं नाय मला.”

हरिलालांनी तिचं नाव कापलं. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही, इतका माझा संताप झाला होता. तिला त्याचं काही नव्हतं. ती कामिनीला आपल्या मशीनवर बसवून वर्ग सुटल्यावर तासन्‌तास घोटून घेत होती आणि चुकली की जीव खाऊन ओरडत होती.

जूनमध्ये परीक्षा झाली. नियमाप्रमाणे शिकवणारणीला आत थांबता येत नाही. बाय बाकावर बसून राहिली. मशिनांचा आवाज बाहेर येत होता. मी दालपुरी आणून दिली, ती तिने हातात धरली आणि तशीच गार होऊ दिली.

नऊच्या नऊ मुली पास झाल्या. कामिनी सगळ्यांत वर. गोवर्धन भोपळा घेऊन कॉलेजात आला आणि बायच्या पाया पडायला वाकला, तेव्हा ती मागे मागे सरत म्हणाली, “अहो, आता भिंतीला टेकवाल मला!”

कामिनीने ऑफिसांमधून अर्ज टाकले, पण त्या वर्षी कुठेच जागा निघत नव्हत्या. डिसेंबरात हरिलालांनी तिला बोलावून घेतलं. वर्गाला सर्टिफिकेटवाली बाई हवी होती आणि जवळ हीच होती. ती लिचीच्या बुंध्याला धरून रडली. “मी मिसच्या जागेवर नाय बसायची. मेले तरी नाय.”

“मग परकी कोण तरी येईल आणि मशिनांची वाट लावील,” सत्यवतीबाय म्हणाली. “गप जा आणि हो म्हणून ये.”

बायसाठी हरिलालांनी आपल्या परीने विचार केला होता. माणूस वाईट नव्हता. “मिस, तुम्ही ऑफिसात बसा. चहापाणी बघा, फाटकाकडे लक्ष ठेवा. पगाराचं बघू काहीतरी.”

“ते करीन मी सकाळच्या वेळी,” बाय म्हणाली. “पण दुपारच्या टायपिंगला मला ॲडमिशन द्या. परीक्षेला नाव पायजे तर वर्गात हजेरी पायजे, तुमचाच नियम हाय.”

हरिलालांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

जानेवारीत वर्ग सुरू झाला. माझा तास नव्हता, म्हणून मी टायपिंगच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. कडक इस्त्रीचे निळे स्कर्ट घातलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुली, आणि पहिल्या रांगेत भिंतीकडच्या मशीनवर साडीतली सत्यवतीबाय. नव्या मुली तिच्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारत होत्या. कामिनी हातात रुमालांची चळत घेऊन एकेकीपाशी जात होती. बोटं अक्षरांवर ठेवायची आणि वरून रुमाल टाकायचा, म्हणजे बघण्याची सवय मोडते. प्रत्येकीच्या हातांवर रुमाल टाकून ती बायचंच जुनं वाक्य म्हणत होती.

सत्यवतीबायपाशी आल्यावर तिचे पाय थांबले. रुमाल हातातच राहिला. सगळा वर्ग बघत होता.

“टाक,” बाय हळूच म्हणाली.

कामिनीने रुमाल टाकला. “बोटांकडे बघायचं नाही,” ती कशीबशी पुटपुटली.

“मोठ्यानं बोल. मागच्या बाकाला ऐकू गेलं नाय.”

कामिनीने मान वर केली. “बोटांकडे बघायचं नाही!”

“येस, मिस,” सत्यवतीबाय म्हणाली, आणि पाठ ताठ करून समोरच्या भिंतीकडे बघायला लागली.