पाहुणीची खोली

हॉटेल नवंकोरं, तरी एकदा आलेला पाहुणा पुन्हा फिरकत नव्हता. मालकांनी सजावटकार बाईंना गाठलं. "सगळं आहे हो, पण माया नाही."

ती विचारात पडली. आपल्याला कधी, कुठे असं वाटलं होतं, की इथं आपली वाट पाहत होते? एकच घर आठवलं. नऊ वर्षांची असताना आई दवाखान्यात होती, तेव्हा ती महिनाभर मावशीकडे राहिली होती. मावशीनं ती येण्याआधीच कपाटाचा एक कप्पा रिकामा करून त्यात कागद अंथरला होता, तिचा हात पोचेल अशी खुंटी ठोकली होती आणि खिडकीशी स्टूल ठेवलं होतं.

तिनं खोल्या तशाच सजवल्या. बघायला आलेले हरखून गेले. उद्घाटनाला तिनं मावशीलाही आणलं.

"सुचतं कुठून तुम्हाला?" मालकांनी चारचौघांत विचारलं.

"कल्पनाशक्ती, दुसरं काय!" ती हसून म्हणाली.

मावशी कप्प्यातल्या कागदावरून हात फिरवत होती. "ठके, पाहुण्याचं मन किती ओळखतेस गं!"

बोलण्यात टोमणा नव्हता, तरी तिची कानशिलं तापली. गेल्याच महिन्यात मावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे आठ दिवस राहिली होती. खोलीत कापडाचे नमुने पसरलेले, म्हणून हॉलमधल्या सोफ्यावर. एका डोळ्याला पट्टी, आणि रोज जमिनीवर बसून पिशवीत औषध चाचपडायची.

"कल्पना माझी नाही, हिची आहे," ती एकदम म्हणाली. मालकांना वाटलं, विनय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत बसल्यावर तिला राहवेना. "मावशी, मी तुला साधा एक कप्पासुद्धा दिला नाही."

"अगं, पट्टी होती डोळ्याला. मला कुठं काय दिसत होतं!" मावशी हसली. तिला मात्र मान वर करवेना.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. तिनं दोन दिवस खपून नमुने हलवले, खोली आवरली आणि फोन लावला.

"या वेळी तुझ्या धाकट्या बहिणीकडे उतरते गं," मावशी जपून म्हणाली. "तुझी कामाची अडचण नको व्हायला."

"अडचण कसली, मावशी?"

"तसं नाही गं. तिला शब्द दिलाय."

ती "बरं" म्हणाली. आग्रह करायला तोंड कुठं होतं? मग तिनं ऑपरेशनची तारीख तेवढी विचारून घेतली आणि दवाखान्यात मी येऊ का, असं परक्यासारखं विचारलं.