विमान पडलं ती जागा

"अक्का, विमान कोठे पडनं ते तुले माहीत, माले बी माहीत. पण तठे गाडी कोठे जास?" सरपंच हेमराज म्हणाला. "मोठमोठा सायेब येतीन. त्या काय वावर तुडवत येतीन का?"

ताईबाई कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. नरडाण्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून स्मारकाच्या चौथऱ्याचं काम चाललं होतं.

"आठे काय पडेल व्हतं?" ती म्हणाली. "आठे तर तुन्हा बापना गोठा व्हता."

गवंडी हसले, हेमराजही हसला. सत्तरी उलटलेल्या बाईचं बोलणं हसण्यावारी नेलं की काम सोपं होतं, हे गावाला चांगलं ठाऊक होतं.

एकाहत्तरच्या लढाईत आपल्या हवाई दलाचं ते विमान पडलं तेव्हा ताईबाई लग्न होऊन नुकतीच या गावात आली होती. कपाशी वेचत होती. धूर ओढत ते खाली आलं आणि त्यांच्याच शेताच्या खालच्या कोपऱ्यात आदळलं. बाकीचे बांधावरून बघत राहिले. ताईबाई आणि तिचा नवरा भिकन धावले. आत एकटाच पोरगा होता. भिकनने त्याला ओढून काढलं, त्याचं डोकं ताईबाईच्या मांडीवर ठेवलं. त्याने पाणी मागितलं. भिकन विहिरीवरून पाणी आणेपर्यंत त्याने मान टाकली होती.

तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरच्या पितरांसोबत त्याचीही घागर भरली जाऊ लागली. नाव कुणाला माहीत होतं? 'तो पोऱ्या' म्हणायचं, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं आणि त्या कोपऱ्यात नेऊन मांडायचं. बायका टोमणे मारत, "ना न्यातना ना गोतना, आन् पितर व्हयी बसना!" ताईबाईने कुणाला भीक घातली नाही. भिकनने जिवंत असेपर्यंत त्या कोपऱ्यात नांगर घातला नाही. भोवती दगड रचून ठेवले.

वरातीमागून घोडं का असेना, स्मारक झालं. काळा दगड, त्यावर सिमेंटचं चंदेरी विमान. हेमराजने भाषणात हात पसरून 'याच पवित्र मातीत' म्हटलं आणि टाळ्या पडल्या. ताईबाईला खुर्ची मिळाली नव्हती. गर्दी पांगल्यावर तिने दगडावरचं नाव शेजारणीकडून वाचून घेतलं. लांबलचक, परमुलखातलं नाव होतं. घरी येईपर्यंत ती ते घोकत राहिली. या आखाजीला त्याला नावाने हाक मारता येणार होती.

आखाजीच्या सकाळी ती घागर घेऊन शेतात गेली आणि जागच्या जागी थबकली. कोपरा नव्हताच. नांगरलेली काळी माती बांधापर्यंत एकसारखी पसरली होती.

मुलगा कुंदन मागून आला. "माय, आते रोडवर स्मारक व्हयी गयं ना? मंग आठे कसाले पडीक ठेवानं? कपाशीन्या चार वळी जास्ती निंघतीन."

"आन् दगडं?"

"बांधवर टाकी दिन्हात."

"जागा कोठे व्हती, ते तरी दखाड."

कुंदनने बोट दाखवलं. मग जरा अलीकडे दाखवलं. मग त्याने हात खाली घेतला.

ताईबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेमराज झाला तरी परका. हा तर पोटचा. पन्नास वर्षं जागा होती तेव्हा नाव नव्हतं. आज नाव तोंडपाठ होतं, आणि हाक मारायची कुठे, तेच कळत नव्हतं.

"मी मरसू ना भाऊ," ती म्हणाली, "तवय मन्ही घागर नको भरजो. तेवढी जागा बी पेरी टाकजो."

ताईबाईने भरलेली घागर पुन्हा डोक्यावर घेतली आणि नांगरटीतून तोल सावरत ती घराकडे चालू लागली.