लोणीकाकांनी पाय उचलला

"पाय दाबूनच ठेवायचा होता, काका."

मेकॅनिक गाडी नुकतीच फिरवून घेऊन आला होता. पुढचं चेपलेलं तोंड सरळ झालं होतं. ब्रेकमध्ये मात्र काडीचा दोष निघाला नव्हता.

"अहो, पण खालून केवढी घरघर!" लोणीकाका म्हणाले. "पेडल पायाखाली थडथडत होतं. मला वाटलं, काहीतरी तुटलं."

"नॉर्मल आहे तो आवाज. चाक घसरू नये म्हणून हे ब्रेक स्वतःच धरतात, सोडतात. घरघरणारच. तुम्ही पाय उचललात आणि गाडी सुटली."

लोणीकाकांचा जन्म हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सवर गेला होता. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, ही त्यांची विद्या. मागे सलाइनची बाटली हलायची नाही. 'यांनी साहेबांना कधी लोणी लावलं नाही, सगळं ब्रेकलाच लावलं,' असं नर्सेस म्हणायच्या. तेच नाव चिकटलं. मागच्या आठवड्यात भिजलेल्या उतारावर सायकलवाला आडवा आला आणि पायाने सवयीने जे करायचं ते केलं. सायकलवाला वाचला. गाडी भिंतीवर गेली, शेजारी बसलेल्या लेकीचं मनगट मोडलं.

"नवी गाडी देतानाच आम्ही चालवून दाखवतो हे," मेकॅनिक म्हणाला.

बाजूला उभा असलेला जावई बायकोकडे वळला. "तुला दाखवलं होतं?"

लेक प्लास्टरच्या कडेचा कापूस चिमटत राहिली. "हो. बाबांनाही सांगितलं होतं मी. त्यांच्या लक्षात राहिलं नसेल."

लोणीकाकांनी तिच्याकडे पाहिलं. किल्ली हातात देताना ती एवढंच म्हणाली होती, 'तुम्हाला काय शिकवायचं, बाबा!' आता तिने मान वर केली नाही. 'बापाच्या हातात गाडी दिलीसच कशी?' हा जावयाचा चढलेला आवाज ते आठवडाभर भिंतीपलीकडून ऐकत होते.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "माझ्याच डोक्यातून गेलं. वय झालं."

"मग राग मानू नका बाबा, पण यापुढे किल्लीला हात नको."

"नाही लावणार."

लेकीने सोडलेला श्वास त्यांना स्पष्ट ऐकू आला.

जावई स्टिअरिंगवर बसला, लेक त्याच्या शेजारी. लोणीकाका मागचं दार उघडून आत शिरले. गाडीत मागे बसायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांनी पट्टा ओढून घेतला, पण त्याचं टोक कुठे अडकवायचं ते काही सापडेना. सीटच्या फटीत हात घालून ते चाचपत होते, तोवर गाडी रस्त्याला लागली.