तीन दिवसांची दाढी

माझ्या धाकट्या भावाला चित्रपट काढायचा होता, आणि दिग्दर्शकाला लागतं ते बहुतेक सगळं त्याच्याकडे होतं: मित्र, मफलर आणि स्वतःबद्दल गाढ आदर. पैसा तेवढा नव्हता. पण पैसा नसणं हीच आपली शैली, असं त्याने पहिल्याच बैठकीत जाहीर केलं. मित्रांनी माना डोलावल्या. त्यांचं काय जातंय, चहा मी करत होते.

चित्रपट पूर्ण लांबीचा, गोष्ट मात्र एकाच दुपारची. एक म्हातारा खिडकीपाशी खुर्चीत बसून कुणाची तरी वाट बघतो आणि कुणीही येत नाही. कुणी येतच नाही म्हटल्यावर दुसऱ्या नटाचा प्रश्न मिटला. म्हातारा म्हणून बाबांना धरलं, कारण ते घरातच होते. बाबांनी सगळं आयुष्य औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून काढलेलं. आता निदान बसायचं काम मिळतंय, असं म्हणून ते तयार झाले.

आमच्या हॉलचा स्टुडिओ झाला. कॅमेरा लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या मित्राचा, त्यामुळे तो सवयीने मधूनच बाबांना हसायला सांगायचा. आवाजाचं काम बघणाऱ्याला सगळे 'कान' म्हणत. कान आला की आधी आमचा फ्रिज बंद करायचा, कारण त्याला त्याची घरघर ऐकू यायची. दूध नासलेलं त्याला कधी ऐकू आलं नाही. मला त्यांनी 'कंटिन्युइटी' हे खातं दिलं. म्हणजे पडदा, कप, बाबांच्या सदऱ्याचं वरचं बटण, सगळं मागच्या वेळी होतं तसंच आज आहे ना, ते बघायचं. थोडक्यात, घर आवरायचं नाही.

घोळ पहिल्याच रविवारी झाला. सगळे नोकरदार, म्हणून शूटिंग फक्त रविवारी. नेमके बाबा तेव्हा तापातून उठलेले आणि तीन दिवस त्यांनी दाढी केलेली नव्हती. भाऊ त्या खुंटांवर बेहद्द खूश झाला. चेहऱ्यावर काळ दिसतोय म्हणाला. शॉट घेऊन झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की दुपार एकच आहे, तेव्हा शेवटपर्यंत बाबांची दाढी तीन दिवसांचीच दिसायला हवी. रोज सकाळी घोटून दाढी करणाऱ्या माणसाला मग फक्त गुरुवारी परवानगी मिळू लागली. थंडी संपली, पंखे लागले, पण आमची ती दुपार काही टळेना.

या सगळ्यात बाबांना एकच गोष्ट हवी होती. त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, अंथरुणाला खिळली होती. बाबा तिला आक्का म्हणतात. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच त्यांना लहानाचं मोठं केलं. तिचं गाव लांब, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांना एकट्याने बसमध्ये चढवत नाही, आणि आम्हां दोघांना सुटी तीच, रविवारची. भाऊ दर वेळी म्हणायचा, एवढा रविवार होऊ द्या, पुढच्या रविवारी मी स्वतः नेतो. मी एकदा चिडून म्हटलं, याचं राहू दे, मी नेते. तर त्याने मला कलेतलं काही कळत नाही असं सुनावलं, आणि बाबांनीच मला गप्प केलं. पोराचं काम अडायला नको म्हणाले.

मग एका शनिवारी आत्याच्या मुलीचा फोन आला. आक्का आता फारशी बोलत नाही, बोललीच तर तो आला का एवढंच विचारते, असं तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी हॉलमध्ये दिवे लावत असताना बाथरूमचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. दाढी गुळगुळीत, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की कानालाही खोट काढता आली नसती.

"बाबा, दाढी?" भाऊ म्हणाला.

"आक्काला वाढलेली दाढी आवडत नाही," बाबा म्हणाले. "मी निघालो. तुमचं चालू द्या."

कॅमेरावाल्याने काजळाने खुंट काढून बघू असं सुचवलं. निदान एक पाठमोरा शॉट तरी द्या, म्हणून भाऊ गयावया करू लागला. बाबा शांतपणे चपला घालत होते. इतका राग आणि इतका आनंद मला एकाच वेळी कधी वाटला नव्हता. मी फ्रिज चालू केला, पर्स घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाले.

आक्काने डोळे उघडले नाहीत. बाबांच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आलास? जेवलास का?" बाबा लहान मुलासारखे रडले. मीही रडले. त्याच आठवड्यात ती गेली.

इकडे मित्रांनी हार मानली नव्हती. माणूस नाही म्हटल्यावर त्यांनी दिवसभर रिकाम्या खुर्चीचं शूटिंग केलं. चित्रपटाचा पुढचा अर्धा भाग म्हणजे नुसती ती खुर्ची. वाचनालयाच्या सभागृहात खेळ लावला, तेव्हा पहिला अर्धा भाग जांभया देणारे लोक खुर्ची रिकामी झाल्यावर सावरून बसले. खेळ संपला आणि भाऊ प्रश्नांना उत्तरं द्यायला मंचावर उभा राहिला. एका बाईंनी विचारलं, तो म्हातारा मध्येच जातो कुठे?

भावाने 'अनुपस्थिती' या विषयावर सुरुवात केली. बरंच बोलला, आणखीही बोलला असता. पण त्याची नजर तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाबांवर गेली आणि तो अडखळला.

"आक्काकडे गेले," तो म्हणाला. "ती त्यांची वाट बघत होती. मीच त्यांना सोडत नव्हतो."

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी, केवढी ही खोली, असं पुटपुटत मान हलवली. पुढे कुणीतरी टाळी वाजवली. बाबा गुडघ्यावर हात टेकून हळूच उठले.

"वेळेवर पोचलो," ते भावाला म्हणाले, "तेही सांग त्यांना."