नाण्याची कड

"भाऊजी, ओळखा बरं ही कोणाची नाणी?"

पंपाच्या दुकानातून घरी आलो तेव्हा मेहुणा बाह्या सरसावून बेसिनपाशी उभा होता. ओट्यावर टॉवेल अंथरलेला आणि त्यावर माझ्या बायकोची चांदीची नाणी. प्लास्टिकच्या डब्या उघड्या पडल्या होत्या. शेजारी टूथपेस्ट आणि जुना ब्रश.

"काळी पडली होती हो ताईची नाणी. म्हटलं, तुम्हाला कुठे वेळ. आता बघा, कशी लखलखतायत!"

त्याचं सलून आहे. घासायची-पुसायची त्याच्या हातांना सवयच. नाणी घासायची नसतात, हे मलाही बायकोनंच शिकवलं होतं. साध्या नाण्यावर ओरखडा आला तर चांदी कुठे जात नाही. पण प्रूफ म्हणतात त्या नाण्याचा सपाट भाग आरशासारखा असतो आणि वरचं चित्र धुक्यासारखं पांढुरकं. टांकसाळ अशी नाणी मोजकीच पाडते. बोट लागलं की गेलं. ती हातमोजे घालून, फक्त कडेनं धरायची. मी जवळ गेलो की म्हणायची, "तुमचे ग्रीसचे हात पंपाला लावा."

गेल्या वर्षी एकदा मोज्यात काही कळत नाही म्हणून तिनं ते काढले, नाणं उचललं आणि अंगठा थेट आरशावर टेकला. घुबडाचं नाणं, तिच्याकडचं सगळ्यात दुर्मीळ. मी ओरडलोच.

ती अंगठ्याकडे बघत राहिली. "कड हाताला लागलीच नाही हो."

न पुसताच तिनं डबी लावून टाकली. ठसा आधी दिसत नव्हता. मग पिवळा पडला, मग तपकिरी, मग काळा. तोवर तिच्या हातून शिवणाची सुई सुटायला लागली होती. मग पेला. मग चालणं सुटलं. नसांचा आजार, असं डॉक्टर म्हणाले. माहेरी कोणाला होता का, तेही त्यांनी विचारलं होतं. पण तेव्हा आमचं सगळं लक्ष तिच्याकडे.

ती गेल्यापासून तो काळा अंगठा मी रोज बघत होतो.

"घुबड कुठंय?" मी विचारलं.

"हे काय. ह्यानं फार छळलं. मेला डाग निघता निघेना."

त्यानं नाणं पुढे केलं. आरशावर बारीक ओरखड्यांचं जाळं झालं होतं. ठसा नव्हता.

शिवी तोंडाशी आली. पण तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत ओल्या मनगटानं डोळे पुसत होता.

"छान केलंस," मी म्हणालो. "फक्त कडेनं धर. अंगठा टेकलाय तुझा."

त्यानं हात उलटा करून पाहिला आणि हसला. "अरेच्चा! हल्ली कड लागतच नाही हो हाताला. परवा वस्तऱ्यानं एका गिऱ्हाइकाचा कान कापला. तो म्हणतो, दुसराही काप, निदान सारखे तरी दिसतील!"

मला हसू आलं नाही.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

नळ तसाच वाहत होता. मी तो बंद केला.

"उद्या सलून उघडू नकोस. आपल्याला दवाखान्यात जायचंय."

"कान कापलेल्याला बघायला?"

मी नाणं त्याच्या हातून कडेनं घेतलं, न पुसता डबीत ठेवलं आणि झाकण दाबलं. आरशावर अजून काहीच दिसत नव्हतं.