चाळीसपट शांतता

माझ्या दिराचं कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि कुठल्याही तक्रारीला त्याचं एकच उत्तर असतं: चूक तुमचीच असेल.

"पंखा आहे वहिनी. पंखा म्हटला की वाजणारच," काउंटरवरून मान वर न करता तो म्हणाला.

"भाऊजी, त्या पंख्यापायी मला दुसऱ्यांदा नापास केलंय."

"वाचनापायी केलं असेल. लोक आपले चांगुलपणाने पंख्याचं नाव सांगतात."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती म्हणून वाचला, नाहीतर तिथलाच कीबोर्ड त्याच्या टाळक्यात घातला असता. त्याच्या मागच्या भिंतीवर दुकानाचं ब्रीदवाक्य लावलेलं होतं: पंखा फुल, तक्रार गुल. त्याच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मशीनवर हा स्टिकर असतो. माझ्याही मशीनवर आहे. मशीन तापून बंद पडू नये म्हणून हा पठ्ठ्या प्रत्येक पंखा फुल वेगावर लावून देतो, गिऱ्हाइकाच्या कानाचं काय व्हायचं ते होवो.

आता माझं काम सांगते. फोन लावल्यावर "आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा" असं जी बाई म्हणते ना, ती मी. नऊ वर्षं लोकांनी माझा आवाज ऐकून मला शिव्या घातल्यात. आणि आता, बेचाळिसाव्या वर्षी, एका संस्थेने मला पुस्तक वाचायला द्यायचं कबूल केलं होतं. अख्खी कादंबरी, चाळीस तासांची, माणसं मुद्दाम कान देऊन ऐकतील अशी. अट एकच: घरी केलेल्या रेकॉर्डिंगचा नमुना पास व्हायला हवा. संधी तीन. दोन गेल्या होत्या, आणि तिसरीची मुदत होती गुरुवार, संध्याकाळी सहा.

नमुने तपासणाऱ्या बाईंशी माझं एकदाच फोनवर बोलणं झालं होतं. कोरडा ठणठणीत आवाज. "वाचन मी नंतर ऐकते," त्या म्हणाल्या. "आधी शांतता ऐकते. प्रत्येक नमुन्याच्या सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता खोली रेकॉर्ड करायची. ते दहा सेकंद मी चाळीसपट मोठे करून ऐकते. तुमच्या खोलीत रिक्षा चालू आहे."

रिक्षा! मी फोन ठेवला आणि रडले. खोटं कशाला बोलू?

माझी खोली म्हणजे बैठकीच्या टोकाला प्लायवुडची भिंत घालून काढलेला कोनाडा. आत टेबल, माईक, भिंतींना जुन्या रजया आणि तो कॉम्प्युटर. मशीन बाहेर ठेवून पाहिलं, तर लांब वायरीतून वेगळीच गुणगुण यायला लागली. उशी टेकवून पाहिली, तर ते तापलं. मागचा छोटा पंखा काढून टाकला, त्याने थोडा फरक पडला. उरला तो मुख्य पंखा. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, ते सारखं तापतं, म्हणून त्यावर धातूचा ठोकळा आणि ठोकळ्यावर पंखा बसवलेला असतो. या सगळ्या प्रकाराला कूलर म्हणतात. माझा कूलर काडेपेटीपेक्षा जरासा मोठा असेल, पण कोकलायचा असा की विचारू नका. एकदा चिडून मी त्याच्या पंख्याची वायरच उपटली. पाच मिनिटांत तापमानाचा आकडा नव्वदच्या पुढे गेला आणि मशीन फटकन बंद.

नवरा मात्र माझ्या बाजूचा. रेकॉर्डिंग संपलं की चहा घेऊन यायचा, डोक्यावरून हात फिरवायचा. "जाऊ दे गं. किती जीव काढशील? तुझा आवाज चांगलाच आहे, त्यांना नसेल कळत."

"तुझ्या भावाला समजव आधी," मी म्हणायचे.

"बोललोय मी त्याच्याशी. तुला माहितेय तो कसा आहे."

मला माहीत होतं तो कसा आहे. म्हणून बुधवारी सकाळी मी सरळ दुसऱ्या दुकानात गेले. दिराच्या दुकानासमोरून गेले, मुद्दाम, पिशवी हलवत.

तिथला विक्रेता अंगठ्याएवढ्या दाढीचा. त्याने मला एक कूलर दाखवला, त्यात लाल, निळे, हिरवे दिवे. "मॅडम, लेटेस्ट."

"मला लग्नाचा मंडप नाही सजवायचा. आवाज किती?"

त्याने खोक्यावरचा आकडा वाचून दाखवला.

"आकडा नको. लावून ऐकवा."

"तसं नाही ऐकवता येत."

"मग मी बसते इथेच." आणि बसले. वीस मिनिटं बसले. शेवटी त्याने कपाळाला हात लावत तीन पंखे पाळीपाळीने लावून दाखवले, आणि मी दुकानातला एसी बंद करायला लावला तेव्हा तर त्याच्या चेहऱ्यावर मला ढकलून द्यायची इच्छा स्पष्ट दिसत होती. दिसू दे. नऊ वर्षं मी शिव्या खाल्ल्यात, एका दाढीला भ्यायला बसले नव्हते.

मी डोळे मिटून नुसतं ऐकलं. दिव्यांचा पंखा "ईं" करत होता, बारीक, दातात कळ यावी तसा. दुसऱ्यात मध्येच टकटक. तिसरा मोठा, रुंदीला वीतभराहून थोडा कमी, आरामात फिरणारा, त्याचा आवाज म्हणजे जेवून झोपलेल्या माणसाचा श्वास. त्याच्याखालचा ठोकळाही दांडगा: तांब्याच्या सहा नळ्या, पत्र्यांचे थरच्या थर, हातात घेतला तर दुधाची पिशवी घेतल्यासारखा जड. दिवा एकही नाही.

"हा कोणी घेत नाही मॅडम. दिसायला काहीच नाही यात."

"मीही दिसायला काही नाही. द्या."

उंची सोळा सेंटिमीटर. मी घरून पट्टीने कॅबिनेट मोजून गेले होते, साडेसोळापर्यंत चालणार होतं. दिराने या बाबतीत कधी पट्टी हातात धरली असेल तर शप्पथ.

बसवला मीच. खोक्यातलं चित्र समोर ठेवलं, जुना ठोकळा सोडवला, उष्णता वाहून नेणारी जुनी, वाळकी पेस्ट पुसली, मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली, चारही स्क्रू थोडे थोडे करून तिरक्या क्रमाने आवळले. घामाघूम झाले. नवरा दारात उभा राहून बघत होता. "बिघडलं तर?" तो म्हणाला. "त्यापेक्षा आता सोड ना हे खूळ."

"बिघडलं तर बिघडलं."

बटण दाबलं. मशीन सुरू झालं आणि जेवून झोपलेला माणूस उठून धावत सुटला. फुल वेग! तोच सूर, त्याच पट्टीत, मशीन काही करत असो वा नसो. नऊ वर्षं माईकसमोर बसलेल्या बाईला एवढं कळतं: काम नसताना पंखा मंद व्हायला हवा. हा होत नव्हता, कारण त्याला कुणीतरी आतून फुल करून ठेवला होता. पंखा फुल, तक्रार गुल!

वेग कमी करायला मी सेटिंगमध्ये शिरायला गेले तर मशीनने पासवर्ड मागितला, दिराने घालून ठेवलेला.

गुरुवारी दुपारी दिराला फोन करून असं काही झापलं की तो दुकान टाकून घरी आला. आल्या आल्या उघडं कॅबिनेट पाहून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे कुठून आणलंत?"

"जिथे ऐकून घेतात तिथून. पासवर्ड सांगा."

"नाही सांगता येणार. वॉरंटी आहे माझी."

"मशीन माझं आहे!"

"जोडलंय मी."

"भाऊजी, सहा वाजता माझी मुदत संपते. मी आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलंय का? एक शब्द हवाय. सांगा आणि चालते व्हा."

तो माझ्याकडे बघेना. नवऱ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, बघा, भावाला मध्ये घालतोय, भित्रा कुठला. नवऱ्याने मला खांद्याला धरून आत नेलं. "तू डोकं शांत ठेव. मी बघतो याच्याकडे. चहा देतो त्याला, बाहेर बसवतो."

"चहात उंदराचं औषध घाल," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पावणेपाच. मी त्या मशीनसमोर बसले आणि खरंच सांगते, हरले होते. मग नजर त्या ठोकळ्यावर गेली. एवढा मोठा, एवढा जड. जुना काडेपेटीएवढा होता म्हणून पाच मिनिटांत मेला. आणि हा? मी चालू मशीनमध्ये हात घातला आणि पंख्याची वायर उपटली.

पंखा थांबला.

मी पडद्यावरचा तापाचा आकडा बघत राहिले. पंचेचाळीस. पन्नास. त्रेपन्न. तिथे पंधरा मिनिटं बसून राहिला. ठोकळ्याला बोट लावलं तर आंघोळीच्या पाण्यासारखा कोमट. माझ्या वाचनाला मशीनला लागतंच किती डोकं! त्या दाढीवाल्याने कुणालाही न खपलेला कूलर मला दिला होता, आणि तो पंख्याशिवाय माझं मशीन चालवत होता.

हेडफोन चढवले, माईक चालू केला. आधी दहा सेकंद गप्प. कानात काहीच नव्हतं. इतकं काहीच नाही मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. मग वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही अडखळले नाही. एकदा ऐकून घेतलं, स्वच्छ होतं. सहाला दहा कमी असताना पाठवून दिलं.

बाहेर आले तेव्हा दीर निघून गेला होता. नवरा कप धूत होता. "झालं मनासारखं?" त्याने विचारलं. मी मागून त्याच्या पाठीवर डोकं टेकवलं. हे मला आता आठवलं की कपाळ धुवावंसं वाटतं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मेल आला.

"मंजूर. वाचन उत्तम. पुस्तक तुमचं. सुरुवातीचे दहा सेकंद मात्र पुन्हा करून पाठवा, त्यात शेजारच्या खोलीतलं बोलणं आलं आहे. साध्या आवाजात ऐकू येणार नाही. पाठवण्याआधी ते एकदा स्वतः मोठं करून ऐका, अशी माझी विनंती आहे."

विनंती. त्या कोरड्या बाई विनंती करत होत्या.

मी ते दहा सेकंद चाळीसपट मोठे केले. आधी खरखर, आमच्या फ्रिजची घरघर, मग प्लायवुडच्या पलीकडून कुजबुज. दोघांचे आवाज मी झोपेतही ओळखेन.

"दादा, बास झालं आता. सांगून टाकतो पासवर्ड. वहिनी शिव्या मला घालतात."

"खबरदार. फुलच राहू दे. तिसऱ्यांदा नापास झाली की बसेल गप. दिवसाचे सहा तास दार बंद, घर आहे की काय आहे?"

मी ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. पहिल्या नापासाला त्याने आणलेला चहा आठवला. दुसऱ्या नापासाला डोक्यावरून फिरलेला हात आठवला. "बोललोय मी त्याच्याशी." बोलला होता तो. माणूस एका शब्दानेही खोटं बोलला नव्हता. मला इतका राग आला की रडूच येईना. तोवरचा सगळा राग मी त्या मूर्ख दिरावर उधळून बसले होते, खऱ्या धन्यासाठी नव्याने गोळा करावा लागला. वेळ नाही लागला.

दिराला फोन करून म्हटलं, "भाऊजी, संध्याकाळी या. पुस्तक मिळालं, चहा पाजते."

आला. मिठाईचा पुडा घेऊन आला, नजर चोरत. नवरा तर आनंदाने फुलला होता. "मी म्हणत नव्हतो? माझा विश्वास होता!" असं तो माझ्यादेखत म्हणाला. मी कपात चहा ओतला. बैठकीतले मोठे स्पीकर मशीनला जोडून ठेवले होते.

"नमुना ऐकवते," मी म्हणाले. "सुरुवातीला शांतता आहे. नीट ऐका."

खरखर सुरू झाली. फ्रिजची घरघर. "दादा, बास झालं आता" ला दिराचा कप बशीवर आपटला. "खबरदार" ला नवऱ्याचा चेहरा असा उतरला की मला क्षणभर, एकच क्षण, त्याची कीव आली.

संपलं. दिराने खिशातून पेन काढलं, मिठाईच्या पुड्याचा कोपरा फाडला, त्यावर पासवर्ड लिहिला आणि माझ्यासमोर सरकवला. "चुकलं वहिनी," म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

नवरा तसाच बसलेला. "अगं, गंमत होती," तो म्हणाला. "तू दार लावून बसलीस की मला करमत नाही. एवढंच. बंद कर ते आता."

मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. तो उठला, हात पुढे केला. माझा हात आधीच बटणावर होता. आवाज वाढवला.